आईकडे फुकट होतं ते मी पैसे देऊन शिकले

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त १ मे २०२३ रोजी आपल्या सभागृहात झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

व्यासपीठावरचे आपले अध्यक्ष, सेक्रेटरी, कमिटीचे सर्व सभासद, तिन्ही विंगमधले बंधू-भगिनी, आणि खाली सतरंजीवर बसून केव्हापासून वडापावच्या वासाकडे लक्ष ठेवून असलेली आमची बालसेना, तुम्हा सगळ्यांना महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा.

मला सांगण्यात आलं की, मॅडम, तुम्ही ते शेतीचं शिबिर करून आलात, त्यावर वीस मिनिटं बोला. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला वीस मिनिटं म्हणजे तास सुरू व्हायच्या आधीच घंटा. पण प्रयत्न करते. आज मी शिबिराबद्दल बोलणार आहे आणि शेवटी सोसायटीपुढे चार मागण्या ठेवणार आहे. मधे एक कबुलीही द्यायची आहे. ती सतरा वर्षं राहून गेली आहे.

आधी शिबिर. गेल्या वर्षी जुलैमध्ये मी मावळातल्या एका शेतकऱ्याच्या घरी चार दिवस राहून आले. भातलावणी, सेंद्रिय खतं, बियाणं राखणं, सारवण, मातीची भिंत लिंपणं असा सगळा कार्यक्रम होता. बरोबर बारा-तेरा जण होते. आयटीतलं एक जोडपं, एक आर्किटेक्ट मुलगी, कॉलेजची पोरं, आणि मी वय वर्षं पासष्ट. माझ्या मुलाने आधीच विचारलं होतं, "आई, तू शेतकऱ्याची मुलगी. तू कशाला पैसे भरून शेती शिकायला जातेस?" तेव्हा मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. खरं उत्तर आज देणार आहे.

पहिल्या दिवशी खाचरात उतरलो. पावसाची झड, गुडघाभर चिखल. भाताचे तरवे उपटून त्यांच्या मुठी बांधून ठेवलेल्या. त्या घरातल्या आजी बांधावर इरलं घेऊन बसल्या होत्या. आमचं ध्यान बघून त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "बाई, आम्ही चिखलातनं सुटावं म्हणून पोरांना शाळंत घातलं, आन् तुम्ही शाळंतनं सुटून चिखलात आल्या." सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण माझी आई शब्दन् शब्द तसंच बोलली असती.

तिथे चारसूत्री भातशेती समजावून सांगितली. आपल्याकडच्या भात पट्ट्यात ही पद्धत कृषी खात्याने बरीच पोचवली आहे. भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळायची, तिच्यातल्या सिलिकामुळे रोप कणखर होतं. गिरिपुष्पाचा हिरवा पाला खाचरात गाडायचा. रोपं कशीही न खुपसता दोरी धरून आलटून पालटून १५ आणि २५ सेंटिमीटरवर लावायची. आणि चार चुडांच्या मधे युरिया-डीएपीची ब्रिकेट हाताने खोल दाबायची. शेवटचं सूत्र ऐकून आमच्यातला एक कॉलेजकुमार खट्टू झाला. "म्हणजे रासायनिकच की!" यजमान शांतपणे म्हणाले, "दादा, फेकलेला युरिया पाण्याबरोबर ओढ्याला जातो. दाबलेला मुळाला लागतो, आणि कमी लागतो. ज्याला एकदम सोडणं परवडत नाही त्याने निदान ओढा तरी वाचवावा. मी स्वतः आता अर्ध्या शेतात तोही टाकत नाही." मला हे बोलणं आवडलं. त्यात सोवळंओवळं नव्हतं.

त्या अर्ध्या शेतासाठी दुसऱ्या दिवशी जीवामृत केलं. अमरावतीकडच्या सुभाष पाळेकरांनी ही पद्धत सगळीकडे नेली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोनशे लिटर पाण्याला दहा किलो देशी गाईचं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत अठ्ठेचाळीस तास ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. एवढं एका एकराला पुरतं. कृषिशास्त्रज्ञांमध्ये याच्या परिणामांवर वाद आहेत, तेही यजमानांनी सांगितलं. ते म्हणाले, "मी दोन खाचरं शेजारी शेजारी ठेवून बघतो. तुम्ही पण बघा, मग बोला."

हे "करून बघा, मग बोला" मला नवीन नव्हतं. कोल्हापूरला गणित शिकवणारे श्रीपाद अच्युत दाभोळकर हेच सांगत. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. शेतकऱ्याने आपल्याच रानात प्रयोग करायचा, मोजायचं, लिहायचं आणि दुसऱ्या शेतकऱ्याला सांगायचं. सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांमध्ये ही सवय रुजली. दहा गुंठ्यांत एक कुटुंब कसं जगेल याचा हिशेब मांडणारा हा माणूस शहरातल्या गच्चीवरच्या बागेबद्दलही तितक्याच आवडीने बोलत असे. १९८५ मध्ये त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं उभी राहिली, तीही याच वाटेवर.

आणि आपल्या जवळचं उदाहरण घ्यायचं तर पाबळ. शिरूर तालुक्यातलं, पावसाने नेहमी हुलकावणी दिलेलं गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत पीएच.डी. करून आलेले, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधक. ते सगळं सोडून १९८३ मध्ये त्यांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न टिकलेली मुलं तिथे वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, गाईगुरं सांभाळतात, माती-पाणी तपासतात, आणि ते करता करता विज्ञान शिकतात. कलबाग २००३ मध्ये गेले, काम चालू आहे. मी शिक्षिका म्हणून सांगते, वर्गात 'तरफ' शिकवायला मला दोन तास लागायचे. ज्याने पहारीने दगड उलथला आहे त्याला दोन मिनिटं लागतात. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तिचाही गाभा हाच होता. हात आणि डोकं यांची फारकत करू नका. आपण मात्र फारकत केली, आणि वर हाताला कमी पगार दिला.

आता तिसरा दिवस. त्या दिवसासाठी मी हे भाषण करते आहे.

तिसऱ्या दिवशी आजींनी बियाणं दाखवलं. घरात अंधारी खोली, तिथे कणगी आणि लहान मडकी. पावटा, घेवडा, वाल, सगळं चुलीच्या राखेत घोळून ठेवलेलं. राखेमुळे भुंगा लागत नाही. दुधी आणि घोसाळं आढ्याला टांगलेलं, आतल्या बिया आतच. भाताचं बी पेरायच्या आधी मिठाच्या पाण्यात टाकायचं, दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. पोचट बी वर तरंगतं, ते काढून टाकायचं, बुडालेलं दोनदा धुऊन सावलीत सुकवायचं. आणि उगवण बघायला शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. आठवड्याने मोड आलेले मोजायचे. सत्तर आले तर सत्तर टक्के. परीक्षा, निकाल, सगळं घरच्या घरी.

आमची पोरं भराभर मोबाईलवर फोटो काढत होती. मी एका बाजूला उभी होते. मला हे सगळं माहीत होतं. भोर तालुक्यातल्या आमच्या घरात मी हेच बघत मोठी झाले. आणि हे माहीत असल्याची मला आयुष्यभर लाज वाटली होती.

तर आता ती कबुली.

आपल्यातल्या जुन्या रहिवाशांना माझी आई आठवत असेल. २००४ पासून २००९ पर्यंत, जाईपर्यंत, ती माझ्याकडे होती. नऊवारी, हातात कायम काहीतरी निवडायला घेतलेलं ताट. येताना तिने एका गाठोड्यात बी आणलं होतं. दुधी, तवस, काळा घेवडा. दरवर्षी त्यातलं थोडं ती जिन्याखालच्या कुंड्यांत लावायची, आलेलं फळ बियांसाठी राखायची, आणि बी गच्चीवर पाटीत वाळत घालायची. बी वाळत घातलं की कबुतरं यायची. कबुतरं आली की घाण व्हायची. तक्रार आली. तक्रार खोटी नव्हती.

२००६ मध्ये मी कमिटीवर होते. अक्षर चांगलं म्हणून सूचना लिहायचं काम माझ्याकडे असायचं. गच्चीच्या दारावर आजही जो पिवळा पडलेला कागद आहे, "गच्चीवर धान्य, बी-बियाणे, पापड इत्यादी वाळविण्यास सक्त मनाई आहे", तो माझ्या हातचा आहे. माझ्याच आईविरुद्ध मी लिहिलेली ती सूचना. कुणी मला जबरदस्ती केली नव्हती. उलट मला बरं वाटलं होतं, की परस्पर झालं, मला तोंडाने सांगावं लागलं नाही.

आई काही बोलली नाही. ती दुसरी-तिसरी शिकलेली होती, कागद वाचता येत होता. तिने पाटीतलं बी गोळा केलं, फडक्यात बांधलं आणि खाली जाऊन आपल्या वॉचमनदादांना दिलं. म्हणाली, "तुमच्याकडं रान हाय, तुम्ही लावा." त्यानंतर तिने कुंड्यांना हात लावला नाही. ताट मात्र हातात असायचं. तांदूळ निवडलेलाच असायचा, ती पुन्हा निवडायची.

मावळातून परत आल्यावर मी दादांना विचारलं. ते आता निवृत्त होऊन गावी आहेत, त्यांचा मुलगा आपल्या गेटवर असतो. फोनवर म्हणाले, "मॅडम, आजींचा दुधी दोन साल लावला. लांबडा, कोवळा, गोड. मग एक साल पाऊसच नाही झाला. बी राहिलं नाही."

एवढंच. भात, दुधी, घेवडा असं पुष्कळ अजून मिळेल. ते बी मिळणार नाही. ते आमच्या आजीकडून आईकडे आलेलं होतं, आणि ते माझ्याकडे यायला मधे फक्त चार जिने होते.

अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचं गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी गावरान बियाणं जमवलं, राखलं, बियाणं बँक उभी केली, शेकडो बायांना दिलं. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. नंतर आठवलं, माझ्या घरात एक बीजमाता होती, आणि मी तिच्यासाठी 'सक्त मनाई' अशी पाटी लिहिली होती.

माफ करा, जरा पाणी घेते.

आता थोडं व्यवहाराचं. काही जण म्हणतील, ही शहरी लोकांची हौस आहे. चार दिवस चिखल, पाचव्या दिवशी फेसबुक. मलाही हा प्रश्न पडला होता. मी तो यजमानांना जेवताना विचारला. ते म्हणाले, "ताई, खरं सांगू? भातात जे उरतं त्यापेक्षा तुमच्या चार दिवसांत जास्त उरतं. माझा पोरगा चाकणला कंपनीत जातो. ही शिबिरं आहेत म्हणून मी जमीन विकली नाही. पण तुम्ही नुसतं शिकून जाऊ नका. माझा तांदूळ घ्या." हौस असेलही, पण तिच्या मागे एक खाचर टिकतं. आणि हौसेच्या पुढे जायचं की नाही, ते आपण ठरवायचं आहे.

दुसरी गोष्ट आपल्या खतखड्ड्याची. २०१६ चे घनकचरा नियम आले. पाच हजार चौरस मीटरच्या वरच्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं त्यात होतं. आपण त्या मापात बसतो की नाही यावर दोन सभा आणि तीन चहा झाले. मग २०१७ मध्ये सी विंगच्या मागे खड्डा केला. महिन्यात वास, माश्या, अळ्या. सी विंगवाले म्हणाले, आमच्याच खिडकीखाली का? ए विंगवाले म्हणाले, तुमच्या बाजूला जागा आहे म्हणून. दोन महिन्यांत खड्डा बुजवला, आणि त्या भांडणापायी दोन घरं अजून एकमेकांच्या हळदीकुंकवाला जात नाहीत.

तो खड्डा का बिघडला ते मला मावळात कळलं. आपण त्यात नुसता ओला कचरा टाकत होतो, आणि वर कुणीतरी रोज पाण्याचा पाइप सोडत होतं, "खत लवकर व्हावं म्हणून". ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, कर्ब कमी. दोन्हींचं प्रमाण साधारण तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असं जमलं की जिवाणू नीट काम करतात. कर्ब कुठून आणायचा? वाळलेल्या पाल्यातून. एक बादली ओल्या कचऱ्यावर निदान एक बादली, जमलं तर दोन बादल्या पाचोळा. आठवड्यातून एकदा खालीवर करायचं, हवा लागली पाहिजे. मुठीत दाबलं तर एखाददुसरा थेंब यावा, धार लागली तर ओल जास्त. वास आला की समजायचं, हवा कमी आणि पाणी जास्त पडलंय. लगेच पाचोळा घालून हलवायचं. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसाच्या मातीचा वास येणारं खत होतं.

आणि गंमत बघा. त्याच वर्षी आपण गुलमोहराचा आणि शिरीषाचा पाला पोत्यात भरून बाहेर पाठवायला टेम्पोचं भाडं भरत होतो. औषध दारात होतं, आपण त्याला पैसे देऊन घालवत होतो. गेल्या सहा महिन्यांत आमच्या मजल्यावरच्या चार घरांनी दोन ड्रमांत हा प्रयोग केला आहे. ड्रम जिन्याजवळ आहेत. तुम्ही रोज तिथून जाता. वास आला असता तर मला आज इथे बोलायला उभं केलं नसतं.

आता माझ्या चार मागण्या. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवर घ्याव्यात अशी अध्यक्षांना विनंती आहे.

एक, पाचोळ्यासाठी एक जाळीचा पिंजरा आणि प्रत्येक विंगला दोन ड्रम. खड्डा नको. आणि ड्रम कुणा एकाच विंगच्या खिडकीखाली नकोत.

दोन, महिन्यातून एका रविवारी याच सभागृहात कार्यशाळा. पण शिकवायला बाहेरून तज्ज्ञ आणू नका, निदान पहिलं वर्षभर तरी. आपले माळीदादा कलम बांधतात. बी विंगला कामाला येणाऱ्या ताई मातीची चूल घालतात, गोधडी शिवतात. गेटवरच्या दादांना झाडू वळता येतो. आपल्याकडे शिक्षक पगारावर आहेत, आपण त्यांना दुसरीच कामं सांगतो. त्यांना त्या दिवसाचं मानधन द्यायचं, पाहुण्या वक्त्याला देतो तेवढंच. आणि खुर्ची द्यायची. खुर्ची महत्त्वाची आहे.

तीन, मावळातल्या त्या शेतकऱ्याकडून वर्षाचा तांदूळ. ज्या घरांना हवा त्यांनी मे महिन्यात निम्मे पैसे आगाऊ द्यायचे. त्याला बी-मजुरीला पैसे लागतात ते तेव्हाच. पाऊस कमी झाला तर तांदूळ कमी येईल, हे आधी मान्य करून. आतापर्यंत अकरा घरांनी नावं दिली आहेत.

चार, बियाण्याची पेटी. ऑफिसातलं जुनं टपालाचं कपाट रिकामं आहे, ते द्या. प्रत्येकाने गावी गेल्यावर एक तरी गावरान बी आणायचं, पाकिटावर गाव आणि आणणाऱ्याचं नाव लिहायचं. पाच दाणे न्यायचे, पीक आल्यावर दहा ठेवायचे. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या आई, सासूबाई, आजी अजून गावी आहेत किंवा आतल्या खोलीत आहेत. त्यांना विचारा. आज विचारा. मला विचारायला उशीर झाला.

आणि तो गच्चीवरचा कागद. कबुतरांचा त्रास खरा आहे, तेव्हाही खरा होता. पण त्यावर उपाय मनाई हा नव्हता. लाकडी चौकट, वर-खाली जाळी, तीनशे-चारशे रुपयांचं काम. तशी एक चौकट मी करून घेतली आहे, माळीदादांनी ठोकून दिली. कमिटीची परवानगी असेल तर उद्या सकाळी तो कागद मी स्वतः काढते आणि चौकट गच्चीवर ठेवते. कुणाला पापड घालायचे असतील तर जागा धरून ठेवा, उन्हाळा संपत आला.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे आलो तेव्हा लिफ्ट नव्हती, रस्ता नव्हता, पाण्याचा टँकर होता. एकमेकांकडून विरजण मागून आपण राहिलो. तेही एक बीच होतं म्हणा. ते टिकलं आहे असं मला वाटतं.

वीस मिनिटांची पंचवीस झाली. घंटा वाजवा आणि मुलांना वडापाव द्या.